दोरीवर वाळत घातलेल्या चिठ्ठ्या

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयात, वृत्तपत्रांच्या लांब टेबलापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत, आम्ही सुती दोरीच्या तीन ओळी ताणून बांधल्या, चार डझन लाकडी चिमटे आणले आणि पिवळ्या कार्डशीटचे पत्त्याएवढे तुकडे कापून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवले. दोरीच्या वर लावलेल्या पट्टीवर एक अर्धे वाक्य लिहिले होते: 'बाई म्हणून या गावातली मला सर्वांत न आवडणारी गोष्ट म्हणजे…' वाचनालयाच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनी ते वाक्य पुरे करायचे आणि चिठ्ठी दोरीला लावायची, इतकी साधी मांडणी होती. पहिल्या संध्याकाळी साठ-सत्तर जणी येऊन गेल्या, वाणाच्या वाट्या संपल्या, आणि दोरीवर चार चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या दोन आमच्या आम्हीच लावलेल्या होत्या.

पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे कोणी ढुंकूनही न पाहिलेला कागद मला नवा नाही. तरीही ही फजिती मनाला लागली, कारण कल्पना उसनी होती आणि ती जिथून घेतली तिथे ती उत्तम चालली होती.

मोनिका मायेर या मेक्सिकन चित्रकर्तीने १९७८ मध्ये मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात 'एल तेंदेदेरो' ही कलाकृती मांडली. तेंदेदेरो म्हणजे कपडे वाळत घालण्याची दोरी. प्रदर्शनाचा विषय शहर हा होता. मायेर तेव्हा चोविशीच्या आसपासची होती. तिने गुलाबी कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर 'स्त्री म्हणून मला शहरातली सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे…' असे अपुरे वाक्य देऊन वेगवेगळ्या वयांच्या, थरांतल्या आणि व्यवसायांतल्या ८०० स्त्रियांकडून ते पुरे करून घेतले आणि त्या चिठ्ठ्या चिमट्यांनी दोऱ्यांवर टांगल्या. शहराबद्दलच्या नाना तक्रारी त्यांत होत्या, पण पुन्हापुन्हा येणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे रस्त्यात आणि बसमध्ये पुरुषांकडून होणारा त्रास. प्रत्येकीला तो आपल्यापुरता, आपल्या वाट्याला आलेला आणि म्हणून गप्प बसून सोसायचा वाटत होता. तोच आता शेजारीशेजारी टांगलेल्या गुलाबी चिठ्ठ्यांवर दिसू लागला.

दोरीची ही निवड किती नेमकी आहे, हे मला स्वतः दोरी बांधल्यावर कळले. चित्राला चौकट लागते, पुतळ्याला चौथरा लागतो, आणि दोन्हींपाशी माणूस आपोआप हात मागे बांधून उभा राहतो. दोरीपाशी हात आपोआप पुढे जातो, कारण तिचे काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय ती बाईच्या रोजच्या कामातली वस्तू आहे, आणि घरातले कपडे चारचौघांना दिसतील असे टांगण्याची मुभा समाजाने बाईला फक्त तिथेच दिलेली आहे. घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत असे सांगणाऱ्या घरांतही धुणे मात्र गॅलरीतच वाळत असते.

मग आमची दोरी रिकामी का राहिली? मायेरच्या कामाचे फोटो मी अनेकदा पाहिले होते, पण त्या फोटोंत एक गोष्ट दिसत नाही. त्या चिठ्ठ्या तिने आधीच, बायकांपर्यंत स्वतः जाऊन भरून घेतलेल्या होत्या. प्रदर्शन उघडले तेव्हा दोरी भरलेली होती, आणि म्हणून नंतर आलेल्यांनाही आपले दोन शब्द त्यात घालावेसे वाटले. आम्ही मात्र रिकामी दोरी लावून 'व्यक्त व्हा' असे म्हणत बसलो होतो. वर्गात पहिला हात वर करणे चाळिशीतही सोपे होत नाही.

दुसरे कारण मला बारावीतल्या एका मुलीने सांगितले. तिने चिठ्ठी घेतली, पेन उघडले, बंद केले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, माझं अक्षर इथे सगळ्यांना ओळखू येतं. तुम्ही लिहाल का?" हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. मेक्सिको सिटीसारख्या महानगरात चिठ्ठीवर नाव नसले की ती निनावी होते. तालुक्याच्या गावात शाळेच्या बाईंनी, शिकवणीच्या सरांनी आणि चुलत जावेने ते अक्षर पाहिलेले असते, त्यामुळे नाव न लिहिण्याला काही अर्थ उरत नाही. चिठ्ठीचा रंग, मापे आणि चिमट्यांचे अंतर यांवर मी दोन दिवस घालवले होते, आणि ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून होते ती माझ्या नजरेतून निसटली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेनांचा डबा उचलून ठेवला. महाविद्यालयातल्या तीन मुली एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या, तिघींच्या हातात एकाच जाडीचे काळे मार्कर दिले आणि पाटीवर लिहितात तशी सुटी, ठसठशीत अक्षरे काढायची असे ठरले. जिला सांगायचे आहे तिने समोर बसून सांगायचे आणि मुलीने लिहून घ्यायचे. यामुळे अक्षराची अडचण गेली, लिहिता न येणाऱ्या बायकांची अडचणही गेली, आणि आम्ही योजलेही नव्हते असे काही घडू लागले. एक ओळ लिहून घ्यायला दहा-दहा मिनिटे लागू लागली. समोरची बाई आधी "काही नाही गं, आपलं चाललंय" म्हणायची, मग काहीतरी सांगायची, मग "हे नको लिहू" म्हणायची, मग बाजूला उभी असलेली दुसरी म्हणायची, "लिही, लिही, माझंही तेच आहे." चिठ्ठी दोरीवर जाईपर्यंत जे बोलणे व्हायचे होते ते टेबलाशीच होऊन गेलेले असे. लिहून घेणाऱ्या मुलींपैकी एकीने तिसऱ्या दिवशी मला विचारले, "आपण हे सगळं ऐकतोय, त्याचं पुढे काय करायचं?" तिला द्यायला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि त्या प्रश्नाकडे मी खाली पुन्हा येणार आहे.

आठवड्याच्या शेवटी दोनशेच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या. चौकातल्या टोळक्यांबद्दल आणि एका बोळातल्या बंद दिव्याबद्दल त्या असणार, हे आम्हाला अपेक्षित होते आणि तशा होत्याच. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीवरून भाजी विकायला येणाऱ्या एका बाईने लिहवून घेतलेल्या एका ओळीने सगळा नूर बदलला: 'बाजारच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही.' वाक्य व्याकरणाने आमच्या अर्ध्या वाक्याला जुळत नव्हते. तिला वाक्य पुरे करायचेच नव्हते, फक्त सांगायचे होते. त्या चिठ्ठीखाली दोन दिवसांत 'मी पण' अशा अकरा चिठ्ठ्या लागल्या. आठवडी बाजाराच्या आवारात बायकांना जाण्यासारखी मुतारी नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, पण आपण पाणी पीत नाही हे त्यांनी एकमेकींना सांगितलेले नव्हते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या कार्यकर्त्या हाच प्रश्न लावून धरत आल्या आहेत. मोहिमेची ती बातमी वृत्तपत्रांत वाचलेल्या आमच्यापैकी एकीलाही तो प्रश्न आपल्या गावच्या संदर्भात सुचला नव्हता, हे मान्य करायला हवे.

प्रश्न कसा विचारायचा याबद्दल इथे थोडे लिहायला हवे, कारण या प्रकारच्या कामातले निम्मे कौशल्य त्यात असते. वाचनालयात जाण्याआधी मी चार मैत्रिणींवर एक मसुदा करून पाहिला होता: 'स्त्रियांची सुरक्षितता या विषयावर आपले मत लिहा.' उत्तरांत 'मुलगी शिकली, प्रगती झाली' या चालीची चार सुभाषिते आली. विषय दिला की माणूस निबंध लिहितो आणि मत मागितले की सभ्यपणा पांघरतो. अर्धे वाक्य दिले, त्यात 'मला' हा शब्द ठेवला आणि गावाचे बोट धरले, की उत्तराला पळायला जागा उरत नाही. शब्दांचाही प्रश्न आहे. 'छेड काढणे' हा आपल्याकडचा रुळलेला शब्दप्रयोग त्रासाला खोडीच्या पातळीवर आणून ठेवतो. बंगळूरमध्ये जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ब्लँक नॉइझ' या उपक्रमाने या भाषेवर बोट ठेवलेच, शिवाय त्रास झाला त्या वेळी अंगावर असलेले कपडे स्त्रियांकडून जमवले. ते कपडे पाहिले की 'तिने काय घातले होते' या प्रश्नाचे उत्तर शब्दांवाचून मिळते, कारण ते सलवार-कमीज असतात, शाळेचे गणवेश असतात, साधे रोजचे कपडे असतात.

याउलट, सहभागाच्या नावाखाली आजकाल जे सर्रास चालते त्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. २०११ मध्ये कँडी चँग या कलावतीने न्यू ऑर्लिन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला, 'मरण्यापूर्वी मला…' असे अर्धे वाक्य ओळीने छापले आणि खडू ठेवले. दुसऱ्या दिवशी भिंत भरून गेली. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर, पुरातून नुकत्याच सावरणाऱ्या शहरात केलेले ते काम खरे होते. पुढे जगभर तशा हजारो भिंती झाल्या आणि त्यांतल्या कित्येक पाहताना मला आपल्या शहरांतल्या 'आय लव्ह अमुकतमुक' असे लिहिलेल्या सेल्फी पॉइंटची आठवण होते. खडू आहे, भिंत आहे, लिहिणारे आहेत आणि फोटो आहेत, पण ते लिहिलेले वाचून कोणी कोणाशी बोलले का, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे चौकातल्या वार्ताफलकाची आणि पुण्यातल्या पाट्यांची परंपरा मोठी आहे, पण त्यांत बोलणारा एकच असतो आणि बाकीच्यांनी फक्त गाडी दुसरीकडे लावायची असते. लोकांच्या हाती खडू देणे ही त्यापुढची पायरी खरी, पण ती पहिलीच आहे.

मापाचा विचार करताना मला नेहमी अमेरिकेतली एड्स स्मृतिगोधडी आठवते. तिच्या उगमाची कथा १९८५ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका मेणबत्ती मोर्चाची आहे. एड्सने गेलेल्या मित्रांची नावे लिहिलेले फलक मोर्चेकऱ्यांनी एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले आणि ती भिंत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीवर ती गोधडी पहिल्यांदा अंथरली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकड्याचे माप तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे जवळपास एका थडग्याएवढे, ठरवून दिलेले होते. बाकी काय शिवायचे ते ज्याचे माणूस गेले त्याने ठरवायचे होते. या रोगाबद्दल सरकारने कित्येक वर्षे उघडपणे बोलणे टाळले होते, अशा काळात, आकडेवारी वाचून जे कळले नसते ते त्या हिरवळीवर चालताना पायांना कळत होते. आपल्याकडे गोधडीत आजीचे लुगडे आणि आजोबांचे धोतर असतेच, त्यामुळे गेलेल्या माणसाला कापडात राखण्याची कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

शिवणकामाचा आणखी एक उपयोग धारावीत दिसला. 'स्नेहा' या संस्थेने २०१५ मध्ये भरवलेल्या 'धारावी बिएनाले' या कलामहोत्सवात तिथल्या स्त्रियांनी आपल्या वस्तीचा कापडी नकाशा करून त्यावर हिंसेच्या जागा नोंदवल्या होत्या. हात सुईदोऱ्यात गुंतलेले असले की समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि न पाहता बोलता येते. निवडणे-टिपणे करता करता सासुरवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या आपले दुःख असेच सांगितले आहे.

नुसत्या बोलण्यावर माझे समाधान होत नाही, हा माझ्या व्यवसायाचा दोष असेल. म्हणून मला या सगळ्यांत बस्तरमधली उदाहरणे अधिक जवळची वाटतात. मुंबईच्या चित्रकर्त्या नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोंडागावात तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करीत आहेत. त्यांनी मिळून 'नळपार' नावाने हापशांभोवतीच्या जागा नव्याने बांधल्या. हापशावर भरलेला हंडा थेट जमिनीवरून डोक्यावर घ्यायचा तर एका झटक्यात कंबर वाकते आणि मानेवर भार येतो. म्हणून तो मध्ये टेकवायला योग्य उंचीवर कट्टे केले. पाणी साचून चिखल होऊ नये अशी वाट काढून दिली आणि भिंतींवर तिथल्या कलाकारांनी आपल्या आकृती कोरल्या. पाणी भरणे हे बायका-मुलींचेच काम का, हा प्रश्न तिथे कुठे लिहिलेला नाही, पण त्या कट्ट्याची उंची ठरवायची तर हंडा कोण उचलते आणि तिची उंची किती हे आधी विचारावेच लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. दोरीचे पुढे काय झाले, हे सांगताना दोन गोष्टी लपवता येणार नाहीत.

पहिली अशी. आठवड्याच्या मध्ये एका कार्यक्रमासाठी पाहुणे येणार होते, आणि त्या सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा मुतारीचा उल्लेख असलेल्या सात-आठ चिठ्ठ्या दोरीवरून नाहीशा झालेल्या होत्या. कोणी काढल्या ते आम्ही विचारले नाही. मुलींना त्या पुन्हा लिहून लावायच्या होत्या, पण बऱ्याच खलानंतर आम्ही मोकळे चिमटे तसेच दोरीवर ठेवले. वृत्तपत्रे वाचायला रोज येणारे निवृत्त मंडळ, ज्यांना टेबलापर्यंत जाण्यासाठी त्या दोरीखालून वाकूनच जावे लागत होते आणि ज्यांनी तोवर सगळे वाचूनही एक अक्षर काढले नव्हते, ते त्या दिवशी प्रथमच बोलले. "इथे काय होतं?" असे त्यांतल्या एका माजी शिक्षकांनी विचारले, आणि उत्तर ऐकल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एका चिठ्ठीवर नाव होते, म्हणजे लिहवून घेणारीचे नव्हे, एका पुरुषाचे. मेक्सिकोत याला आता इतिहास आहे. २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या समकालीन कला संग्रहालयात मायेरच्या कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन झाले, तेंदेदेरो नव्या प्रश्नांसह पुन्हा लागला, आणि नंतर विद्यापीठांतल्या मुलींनी त्याच दोऱ्यांवर त्रास देणाऱ्या प्राध्यापकांची आणि वर्गमित्रांची नावे टांगायला सुरुवात केली. कलाकृती मूळ कर्तीच्या हातून सुटून हत्यार झाली. तक्रार घेणारी यंत्रणा ऐकत नसेल तर ते हत्यार कोणी उचलू नये असे मी सांगणार नाही. पण आमच्या गावात, जिथे ती चिठ्ठी तासाभरात त्या घरी पोहोचली असती आणि सांगणारी कोण हेही तितक्याच वेळात शोधले गेले असते, तिथे ती टांगण्याची जबाबदारी घेणारे आमच्यापैकी कोणीही नव्हते. हे आधी ठरवायला हवे होते आणि आम्ही ठरवलेले नव्हते. लिहून घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी चिठ्ठी हातात धरून माझ्याकडे पाहत होती. मी ती पाकिटात ठेवली, ओळखीच्या एका वकीलबाईंचा क्रमांक त्या मुलीमार्फत सांगणारीपर्यंत पोहोचवला, आणि त्यानंतर ती बाई वाचनालयात आली नाही. पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. मी बरोबर केले का, याचा मला आजही उलगडा झालेला नाही.

उरलेल्या चिठ्ठ्यांची आम्ही यादी केली आणि ती संबंधित कार्यालयात दिली. शिक्का मारलेली पोच मिळाली. बोळातला दिवा लागला, मुतारीचे काम झालेले नाही.

यंदा पुन्हा दोरी बांधायची असे ठरले तेव्हा भाजीवाल्या बाईंनी निरोप पाठवला की प्रश्न या खेपेला आम्ही ठरवणार. मागच्या गुरुवारी बाजार उठल्यावर त्या आठ-नऊ जणी पाट्या बाजूला ठेवून वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसल्या. मी तीन प्रश्न तयार करून नेले होते, ते त्यांनी ऐकून घेतले आणि बाजूला सारले. त्यांचा प्रश्न असा आहे: 'बाजारच्या दिवशी तुम्ही शेवटचं पाणी किती वाजता पिता?' चिठ्ठी आता पत्त्याएवढी न ठेवता तळहाताएवढी करायची आहे, आणि त्यावर काटे नसलेले घड्याळ छापायचे आहे, म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही दोन रेघा ओढून उत्तर देता येईल. ती कल्पनाही माझी नव्हे. घड्याळात बाराचा आकडा वर असतो की खाली, एवढेच त्यांनी मला विचारून घेतले.